पाटावरून उठताना

माझी बायको गोपिका पापड करते. घरापुरते नाही, ऑर्डरचे. वानाडोंगरीतल्या आमच्या गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन लाटायला येतात. पण उंडा कुटायचं काम गोपिकाकडेच. उडदाचं पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावायचा आणि दगडावर ठेवून लोखंडी मुसळानं कुटायचं. तो गोळा पांढरा पडून रबरासारखा ताणला जाईपर्यंत कुटायचं. मी हिंगण्याच्या कारखान्यात सगळी नोकरी घणावर काढली. घाव कोण घालतो आणि कोण नुसता हात हलवतो, ते मला आवाजावरून कळतं. साठी उलटल्यावरही गोपिका घाव घालायची.

यंदा जानेवारीत ती अंगणात पडली. ओली फरशी, घसरलेली चप्पल, बाकी काही नाही. डावा हात टेकला आणि मनगट मोडलं.

"एवढ्या पडण्यानं हाड मोडायला नको होतं," डॉक्टर गजभिये म्हणाले. तरुण माणूस. पूर्ण नाव नागसेन गजभिये. बोलताना पेशंटकडे बघतो, कॉम्प्युटरकडे नाही. त्यांनी प्लास्टर घातलं आणि हाडांची तपासणी करायला लावली. हाडं विरळ झाली होती. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं भराभर झिजतात, असं त्यांनी सांगितलं. एक गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदा घ्यायची. सकाळी अनशापोटी, ग्लासभर पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. गोळी घशात अडकली तर जळजळ होते, म्हणून.

गोपिकानं गोळ्या घरी आणल्या आणि फडताळात ठेवून दिल्या.

"काहून वं? घ्याच्या नाई का?"

"जे औषध गळा जाळते, ते हाड काय जोडन जी?"

मी तिला समजावलं. ती हो म्हणाली आणि गोळी घेतली नाही.

भीती तिला गोळीची होती, पण त्याहून मोठी भीती आईसारखं होण्याची होती. तिची आई खाप्याला असायची. उतारवयात ती कमरेतून इतकी वाकली की माणसं तिला पायांवरून ओळखू यायची. मी गेलो की माझ्या चपलांकडे बघून म्हणायची, "जावई आले." आमची पिंकी जन्मली तेव्हा बाळंतपणाला गोपिका माहेरीच होती. पण पिंकीला पहिलं न्हाऊ घातलं ते लावलेल्या बाईनं. आई दारात खुर्चीवर बसून बघत राहिली. तिला खाली बसता येत नव्हतं, आणि बसली असती तर उठता आलं नसतं. गोपिका हे कधी तक्रार म्हणून सांगत नाही. पण गल्लीत कोणाच्याही घरी बाळ न्हाऊ घालायचं असलं की ती बोलावल्याशिवाय जायची.

आता पिंकीलाच दिवस गेले होते. तिचं सासर कळमेश्वरला, नवरा अमोल तिथल्याच एका कंपनीत. बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं, भाद्रपदात. ती बातमी आली तेव्हा गोपिकाच्या हाताला प्लास्टर होतं. ती फोनवर पहिलं वाक्य बोलली ते हे, "न्हाऊ मीच घालीन हं, सांगून ठेवतो."

दोन दिवसांनी पिंकीनं मला फोन केला. "बाबा, सासूबाई म्हणतात बाई लावून घ्या. आईचा हात असा हाय. बाळ सुटलं-बिटलं तर?"

"तू आईले बोल."

"तुम्हीच बोला ना."

मी बोललो नाही. पण फोन स्पीकरवर होता, आणि गोपिका भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिनं भाजीत मीठ दोनदा टाकलं.

श्वेता आली ती याच दिवसांत. श्वेता म्हणजे शेजारच्या शालिकरामची सून. मुलगी चांगली, हसतमुख, कामाला वाघ. तिनं अल्कलाइन पावडरची एजन्सी घेतली होती. डबा महाग होता. श्वेता स्वतःही ती पावडर घ्यायची, म्हणजे फसवायला आलेली नव्हती. तिनं आमच्या ओट्यावर ग्लास मांडले, पिशवीतून कागदाच्या छोट्या पट्ट्या काढल्या.

"काकू, आपण खातो त्यानं अंगात ॲसिड होतं. ते ॲसिड मारायला शरीर हाडातून खार ओढून घेतं. म्हणून हाडं पोकळ होतात. ही पावडर म्हणजे बाहेरून दिलेला खार. मग हाडातला खर्च होत नाही."

तिनं नळाच्या पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी फिकट हिरवी. मग पावडर टाकलेल्या पाण्यात दुसरी बुडवली. ती निळी झाली. गोपिका टक लावून बघत होती.

"हा खार म्हणजे आपल्या पापडखारासारखाच का वं?"

"तसाच समजा काकू. पण हा शुद्ध."

"एक पट्टी दे मले."

गोपिका आत गेली. उंड्यासाठी उकळून गाळून ठेवलेलं खाराचं पाणी वाटीत घेऊन आली आणि पट्टी तिच्यात बुडवली. पट्टी जांभळट काळी झाली. श्वेताच्या पट्टीहून कितीतरी गर्द.

"पाह्य वं! माहा खार तुह्या पावडरीच्या वर गेला."

श्वेता हसली. मीही हसलो. "तू पापड हायेस का? खार टाकला का फुलशील?"

"तुम्ही चूप बसा जी."

श्वेता डबा परत घेऊन गेली. विषय संपला, असं मला वाटलं.

गोपिकाचा विषय सुरू झाला होता. पापड करणारी बाई आयुष्यभर एकच पारख करत असते, खार कमी पडला की जास्त. खार कमी पडला तर पापड तळताना फुलत नाही आणि जास्त झाला तर तांबडा पडतो. खारावर तिचा जेवढा भरवसा, तेवढा कुठल्या डॉक्टरवर नाही. आणि त्या दिवशी तिच्या डोळ्यांसमोर तिचा खार जिंकला होता. तिनं रोज सकाळी मला दिसणार नाही अशा बेतानं पापडखाराचं पाणी प्यायला सुरुवात केली. चिमूटभर खार, अर्धा ग्लास पाणी. मला हे पुढे कळलं. जिभेला चटका बसायचा, तो तिनं सोसला. गळा जाळते म्हणून जिनं गोळी टाळली, तिनं हा चटका सोसला. हे औषध तिचं स्वतःचं होतं ना.

प्लास्टर निघालं. पापडांचे दिवस आले. मुसळ तिनं आमच्या गल्लीतल्या कामिनीकडे दिलं आणि स्वतः बाजूला बसून "अजून, अजून, कच्चा हाय" म्हणत राहिली. तिचे पाय सुजलेले मला दिसले. ती म्हणाली, ऊन आहे. डोकं दुखायचं. ती म्हणाली, कुलरचं वारं लागलं. एका सकाळी गच्चीवर पापड पसरताना तिला घेरी आली आणि ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. उठवायला गेलो तर म्हणाली, "थांबा ना, सावली पाहून राहिलो." सावली कुठेच नव्हती.

मी तिला सरळ गजभियांकडे नेलं.

त्यांनी बी.पी. मोजलं. पुन्हा मोजलं. गोपिकाला बी.पी.ची गोळी आधीपासून होती, आणि ती नेमानं घ्यायची. तरी आकडा चढलेला.

"पापड, लोणचं जास्त झालं का मावशी?"

"नाई बाप्पा. करते त्याले खाची कोठी इच्छा राहते?"

"दुसरं काही औषध? जडीबुटी? पावडर?"

गोपिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना.

"पावडर नाई," ती म्हणाली. "खार."

"कसला खार?"

"पापडाचा. हाडासाठी."

डॉक्टर हसले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि किती, कधीपासून, जळजळ होते का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "मावशी, ही गोष्ट अगदी हवेतून आलेली नाही. खाराच्या गोळ्यांवर अभ्यास झालेत, पाळी गेलेल्या बायकांवरच. पण तो खार पोटॅशियमचा. काही अभ्यासांत हाडाची झीज थोडी कमी दिसली. पण हाड मोडायचं त्यानं थांबतं, असं अजून कोणी दाखवलेलं नाही. आणि मूत्रपिंड बरोबर नसेल तर त्याच गोळ्या जिवावर येतात. तुमचा पापडखार सोडियमचा. मिठाचीच जात. त्यानं हाडाला काही मिळालं नाही, बी.पी. मात्र चढलं. पोटाला चटके बसले ते वेगळेच. आजपासून बंद."

"आणि शेजारची श्वेता डबा विकते, ती पावडर?" मी विचारलं.

"डब्यात काय आहे ते मला माहीत नाही. म्हणून मी घ्या म्हणणार नाही."

मग गोपिकानं तिच्या मनात जे होतं तेच विचारलं.

"ते जाऊ द्या डॉक्टर. पोरीचं लेकरू मी न्हाऊ घालीन का नाई, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी तिच्या मनगटाकडे बघितलं नाही. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. "यावर बसा. आता हात न टेकता उठा."

गोपिका बसली. उठायला गेली. ढुंगण स्टुलावरून थोडं सुटलं आणि परत टेकलं. पुन्हा प्रयत्न केला. हात आपोआप मांडीवर गेला.

"हात नाही, मावशी."

तिला उठता आलं नाही. मी तिच्या मागे उभा होतो, तिची मान लाल झालेली मला दिसली. जी बाई उंडा कुटताना घरभर दणका घालायची, तिला स्टुलावरून उठता येत नव्हतं. प्लास्टर हाताला होतं, पण त्या महिन्यांत जपून जपून बसलेली होती ती सगळीच.

"न्हाऊ घालताना बाळ पायांवर असतं," डॉक्टर म्हणाले. "माझ्या आजीनं मला तसंच घातलंय. मनगटावर फारसा भार नाही. प्रश्न खाली बसून उठायचा आहे. उठताना तोल गेला तर या वेळी मनगट नाही, खुबा मोडेल. तेव्हा मला हे उठणं करून दाखवा. हाडाला भार लागतो. भार दिला नाही तर ते आणखी विरळ होतं. आणि ती आठवड्याची गोळी घ्या. आणि उठताना बाळ हातात नको. कधीच नको. आधी बाळ दुसऱ्याच्या हाती, मग उठायचं. जड बादली उचलायची नाही, वाकून तर नाहीच."

बाहेर आल्यावर ती रिक्षात एकच वाक्य बोलली. "माह्या आईले कोणी स्टुलावर बसवलंच नाई."

काम कसं करायचं ते मला ठरवता येतं. मागच्या अंगणात विटा पडल्या होत्या. त्यांचा ओटा रचला, खुर्चीपेक्षा थोडा उंच, त्यावर लाकडी पाट ठेवला आणि हलणार नाही असा पाचरी मारून पक्का केला. एवढ्या उंचीवरून ती उठत होती. ते नीट जमलं की विटांचा एक थर काढायचा. पाट खाली येत जाईल. जमिनीला टेकला की काम झालं.

पहिल्या दिवशी तिनं ते बघितलं. "हे काय, माही समाधी बांधून राहिले का?"

"बस."

बसली. उठली. मांडीला हात लावला.

"हात."

"लागला नाई."

"लागला. मी पाहून राहिलो."

"तुमच्या कंपनीतला घण नाई हाय मी, का वरतं केला न् खाली आणला."

"घण बरा. घण खोटं नाई बोलत."

ती चिडून उठली, आणि ते उठणं बिनहाताचं होतं. दोघांच्याही लक्षात आलं.

श्वेताला सगळं कळलं तेव्हा ती रडत आली. "काकू, मीच म्हटलं ना तसाच समजा म्हणून."

गोपिकानं तिला चहा दिला. "तू पट्टी दाखवली वं. पेली मी." एवढंच. मग म्हणाली, "पण तुह्या पट्टीचा रंग फिका होता हं." श्वेता रडता रडता हसली. नंतर तिनं एजन्सी ठेवली की सोडली, ते मी विचारलं नाही. आमच्या घरी डबा पुन्हा आला नाही.

गोळी रविवारी ठरली. गोळी घेतली की गोपिका पलंगावर ताठ बसायची. तिला बिनकामाचं बसणं जमत नाही. हातात काहीतरी लागतं. चहा नाही म्हणून चिडचिड. मग मीही रविवारचा चहा तोवर पुढे ढकलला. दोघं ताठ बसून असायचो, फोटो काढायला बसल्यासारखे. ती गल्लीतल्या सगळ्यांच्या भानगडी सांगायची. एवढ्या वर्षांच्या संसारात मी कामावर गेलो होतो त्या वेळात या गल्लीत काय काय झालं, ते मला या रविवारांत कळलं.

विटा उतरत गेल्या. एका सरळ रेषेत नाही. वैशाखात तिच्यासाठी मी दोनदा काढलेला थर परत चढवला. उन्हानं जीव जायचा, डॉक्टरांनी दिलेली बी.पी.ची नवी गोळी मानवेना, गुडघा धरायचा. एकदा दुपारी मी बाहेरून आलो तर ती जमिनीवर, उघड्या फरशीवर बसली होती, समोर चिंचेचं टोपलं. चिंच फोडत होती. पण टोपलं जागेवरून ओढलेलं दिसत होतं, आणि पाटावर ती गेली नव्हती. मला कळलं की तिनं मी नसताना थेट जमिनीवर बसून बघितलं होतं आणि तिला उठता आलं नव्हतं. किती वेळ बसली होती, कोण जाणे.

मी विचारलं नाही. हात पुढे केला नाही. तिच्यासमोर बसलो आणि मीही चिंच फोडू लागलो. चिंच उद्याही फोडता आली असती.

टोपलं अर्धं झाल्यावर ती म्हणाली, "नाई जमत जी."

"आज नाई जमलं."

"आई अशीच बसली असन का? कोणी येते का म्हणून वाट पाहत?"

मी चिंचोका बाजूला टाकला. "तुह्या आईले उठाले शिकवाले कोणी होतं का? डॉक्टर होता का?"

"नोता."

"मंग तिचं तिच्याजवळ. तू एक गुडघा पुढं घे."

तिनं उजवा गुडघा उभा केला, त्यावर दोन्ही तळवे ठेवले. मी "हात" म्हटलं नाही. जमिनीवरून उठताना गुडघ्याचा आधार घ्यायचा, डॉक्टरांनी तसंच दाखवलं होतं. ती हळू हळू वर आली. उभी राहिल्यावर भिंतीला टेकून थोडा वेळ डोळे मिटले. मग टोपलं उचलायला वाकली. मी ते आधीच उचललं होतं.

श्रावणात पिंकी आली, पोट पुढे घेऊन. अंगणातल्या विटांकडे बघून म्हणाली, "हे काय बांधलं बाबा?" तोवर एकच थर उरला होता. गोपिकानं तिला बसून उठून दाखवलं. पिंकी बसली तर तिलाच उठता येईना. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की पिंकीला पोट धरावं लागलं. त्या संध्याकाळी पिंकीनं सासूला फोन केला. मी ऐकत होतो. "बाई नाही लावत. आई करते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. पिंकी म्हणाली, "हो, डॉक्टरनं पाहून हो म्हटलं. आईनं डॉक्टरला उठून दाखवलं."

तेही खरं होतं. गजभियांनी स्टूल बाजूला सारून तिला चटईवर बसवलं होतं आणि ती उठल्यावर "बाळ हातात नको" हे तीनदा म्हणून घेतलं होतं, तिच्याच तोंडून.

मुलगी झाली. सुखरूप. घरी आणल्यावर न्हाणीत पाट मांडला, विटांशिवाय, फरशीवर. घसरू नये म्हणून मी खाली गोणपाट घातलं. गरम पाण्याची बादली श्वेतानं उचलून आणली. गोपिकाला तिनं बादलीला हात लावू दिला नाही. पिंकी उंबऱ्याशी खुर्चीवर बसली.

गोपिका पाटावर बसली आणि पाय लांब केले. श्वेतानं बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. ती उजव्या हातानं चोळत होती, डाव्यानं नुसती डोकं सांभाळत होती. तेल, मग हळद-बेसन, मग पाणी. पाणी आधी स्वतःच्या पोटरीवर ओतून बघायची. बाळ आधी किंचाळलं, मग गप्प झालं. पिंकीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गोपिका मात्र कामात होती. काम करताना ती रडत नाही.

"घे वं," ती म्हणाली. श्वेतानं धुतलेल्या मऊ धोतराच्या तुकड्यात बाळ गुंडाळून उचललं. पिंकी मागोमाग गेली. सगळे खोलीत.

न्हाणीत गोपिका उरली, ओल्या लुगड्यात, ओल्या पाटावर. आणि दारात मी. पाय अवघडले होते. ते तिनं हातानं जवळ ओढले. मग माझ्याकडे बघितलं.

"तिकडं तोंड करा जी."

मी तोंड फिरवलं. माझा हात नकळत मागे गेला होता. तो मी परत पुढे आणला आणि चौकट धरली.

मागे पाट फरशीवर एकदा वाजला. बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. श्वास जड झाला. मग पाणी गळाल्याचा आवाज आला, वरून, लुगड्यातून.

"सरका ना," तिचा आवाज माझ्या खांद्याजवळून आला. "दारात काहून उभे राहिले? पोरीले धुरी द्याची हाय मले."

मी सरकलो.